शेजारचा फलक

मॅडिसन, ९ मार्च

प्रिय डेल्फिन,

सडबरीला अजून बर्फ आहे का गं? इथे रस्त्याकडेचे ढीग काळे पडलेत, पण माझ्या गाडीचं दार रोज सकाळी गोठतं आणि मी रोज त्याला शिव्या घालते. बघ, पहिल्याच ओळीत हवापाण्याच्या गप्पा. म्हणजे मला काहीतरी विचारायचंय आणि ते जड जातंय, हे तू ओळखलंच असशील. नदीकाठच्या त्या झोपडीत दोन उन्हाळे काढले आपण, फोनला रेंज नाही, बोलायला एकमेकींशिवाय कुणी नाही. महत्त्वाचं ते कागदावर लिहायचं, ही सवय तिथलीच.

तर महत्त्वाचं. काल डुलुथच्या मे महिन्यातल्या परिषदेचं सारांशांचं पुस्तक आलं. माझं पोस्टर फलक नंबर एकशे चौदावर. शेजारी कोण आहे म्हणून पान उलटलं, तर एकशे पंधरा: डेल्फिन शारबोनो. विषय जुळणारी पोस्टरं शेजारी शेजारी लावतात, हे मला माहीत आहे. मला हे कळत नाही की तुझा विषय माझ्याशी जुळायला कधी लागला? तू तर सडबरीच्या तळ्यांतल्या झिंग्यांवर काम करतेस! आणि शीर्षक काय, तर 'पिकेट नदीतील शिंपल्यांच्या गणनेविषयी काही निरीक्षणे'. पिकेट नदी, डेल्फी. आपली नदी. माझा अख्खा प्रबंध जिच्यावर उभा आहे ती नदी. सारांशात चार गोल गोल वाक्यं आणि शेवटी 'निष्कर्ष पोस्टरमध्ये मांडले जातील'. हे वाक्य आपल्या धंद्यात कोण कधी लिहितं, ते मला सांगू नकोस.

तुला ठाऊक आहे माझं काय अडकलंय ते. नदी विभागाची ती कायमची जागा. एकच जागा, आणि ती ज्यांच्या हातात आहे ते डॉक्टर ऑस्टबी डुलुथला पोस्टरं बघत हिंडणार आहेत. शिंपल्यांवर नोकरी मिळायची संधी या देशात कितीदा येते? मला यंदा ती मिळाली नाही तर मी वडिलांच्या दुकानात रंगाचे डबे विकीन.

परवा हायवेवरून येताना आपल्या शुक्रवारच्या खानावळीवरून गेले. अजून तशीच गर्दी, तसाच तळलेल्या माशाचा वास. मी दोन ताटं हाणायचे आणि तू आपली बटाट्याची धिरडी चिवडत बसायचीस, आठवतं?

सरळ विचारते, सरळ सांग. तुझ्या पोस्टरवर काय आहे?

तुझी,
मार्लिस


सडबरी, २० मार्च

प्रिय मार्ली,

तुझं पत्र वाचलं आणि मला वाटलंच होतं की तू चिडणार. चिडू नकोस. निदान मे महिन्यापर्यंत तरी.

सप्टेंबरात मामेबहिणीच्या लग्नाला ओ क्लेअरला आले होते. परतताना वाट वाकडी करून पिकेटवर गेले, उगीच, पाय ओले करायला. तिथे मला काहीतरी दिसलं. काय, ते आत्ता लिहीत नाही, कारण माझीच खात्री नाही. दिसलं ते इतकं थोडं होतं की योगायोगही असू शकेल. सारांश पाठवायची मुदत जानेवारीत आणि नदीवर बर्फ एप्रिलपर्यंत. तुला हा प्रकार काय नवा आहे? आपण सगळेच आधी सारांश पाठवतो आणि मग निष्कर्ष शोधत फिरतो. एप्रिलअखेर पाणी उतरलं की पुन्हा जाऊन बघणार आहे.

फेब्रुवारीत तू तुझ्या पोस्टरचा आराखडा पाठवला होतास, तो आता नीट बघितला. मजकूर निम्मा कर. अगं, लोक एका हातात बिअर आणि दुसऱ्या हातात चीज घेऊन चालता चालता वाचतात. लाल-हिरव्या रेघा काढून टाक, पुष्कळ पुरुषांना त्यातला फरक दिसत नाही. कडेला मोकळी जागा सोड, कागदालाही श्वास लागतो. आणि एक ऐकशील? ते मधलं वाक्य, 'धरणाखाली दर तीनांतले दोन शिंपले मरतात', ते एवढ्या मोठ्या अक्षरांत नको. खाली, लहान, जरा सावधपणे लिही.

एक विचारायचं राहिलं. धरणाखालच्या पट्ट्यातल्या शिंपल्यांना आपण नंबराच्या चकत्या कुठल्या वारी चिकटवायचो, तुला आठवतं का? मला वाटतं शुक्रवारी. तू नक्की सांग.

तुझी,
डेल्फिन


मॅडिसन, २ एप्रिल

डेल्फिन,

पाणी कुठेतरी मुरतंय, हे मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं. आता कुठे ते कळलं.

सप्टेंबरात तू माझ्या घरापासून तीन तासांवर होतीस आणि मला एक फोन केला नाहीस. नदीवर गेलीस, माझ्या नदीवर, मला न सांगता. तिथे 'काहीतरी' दिसलं, ते मला सांगायचं नाही, पण डुलुथला चारशे माणसांपुढे टांगायचं! आणि वर मलाच विचारतेस की कुठल्या वारी काय चिकटवलं. का गं? तुझ्या पोस्टरसाठी माझी आकडेवारी कमी पडते का?

आमच्या व्हिटकॉम सरांना तुझा सारांश दाखवला. ते म्हणाले, "सारांश मोघम ठेवणारा माणूस दोनच कारणांनी ठेवतो, मार्लिस. हातात काहीच नसतं म्हणून, नाहीतर फार काही असतं म्हणून." मी म्हटलं, ही पोरगी रिकाम्या हातांनी यायची नाही. मी ओळखते तिला.

आणि तो सल्ला! माझा निष्कर्ष खाली लिहू? लहान लिहू? ऑस्टबी माझ्यासमोरून निघून गेले पाहिजेत आणि तुझ्या फलकासमोर थांबले पाहिजेत, असंच ना? बाई गं, केसाने गळा कापायची ही रीत मला माहीत नव्हती. लाल-हिरव्याचं मात्र खरं होतं, ते मी बदललं. बाकी तुझं एक अक्षर ऐकणार नाही. ते वाक्य आता पोस्टरच्या मधोमध आहे, हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत, दरवाजातून वाचता येईल असं. कोपऱ्यात 'फोटो काढू नये' अशी चिठ्ठीसुद्धा लावणार आहे, आणि ती कोणासाठी आहे ते तुला कळेल.

वार मी सांगणार नाही. तुझं तू शोध.

मार्लिस


सडबरी, १२ एप्रिल

मार्ली,

तू फोन उचलत नाहीस. निरोप ठेवला, त्यालाही उत्तर नाही. म्हणून हे.

तुझं काही चोरत नाहीये मी. शपथ घेऊन सांगते. जे दिसलं ते खरं निघालं तर तुलाच सगळ्यात आधी सांगीन, आणि खोटं निघालं तर तुझी झोप उगीच कशाला उडवू, एवढाच माझा विचार होता. चुकला असेल. पण अर्धवट काहीतरी सांगून तुझा पाच वर्षांचा प्रबंध हलवायला माझा जीव होत नाही.

एवढं कर. डुलुथला पोस्टर लावायच्या आधी मला भेट. कॉफी मी पाजीन. ते मोठं वाक्य छापायला टाकू नकोस, हात जोडते.

डेल्फिन


मॅडिसन, १७ मे

डेल्फिन,

हे शेवटचं पत्र. भांडायला नाही लिहीत, नोंद म्हणून लिहिते, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर मला आठवेल की मी तुला ओळखणं का सोडलं.

तू सकाळी हॉटेलच्या दाराशी उभी होतीस, ते मी बघितलं होतं. मुद्दाम मागच्या दाराने गेले. पोस्टर लावलं, चारही कोपऱ्यांना पिना ठोकल्या, मागे सरून बघितलं. सुंदर दिसत होतं. शेजारचा एकशे पंधरा रिकामा. नुसता करडा फलक आणि वर तुझं नाव. मला वाटलं, घाबरली, आलीच नाही.

मग बिअर उघडली, लोक आत आले आणि तू आलीस. खांद्यावर पोस्टरची नळी. मला म्हणालीस, "मार्ली, ऑस्टबी आले का?" मी म्हटलं, "येतील. का? तुला घाई आहे?" तू नळीचं झाकण काढलंस. मी डोळे ताणून बघत होते, खोटं कशाला बोलू. आणि तेवढ्यात ते समोरच्या रांगेतून वळले. तू त्यांच्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, झाकण परत दाबून बसवलंस आणि नळी फलकाच्या पायामागे सरकवलीस.

ते माझ्यासमोर थांबले. दारातूनच वाचलं होतं त्यांनी ते वाक्य. म्हणाले, "मिस ग्रुंडमन, दर तीनांतले दोन! शिंपले मेले हे कशावरून? निघून गेले नसतील?"

मी म्हटलं, "शिंपल्यांना पाय नसतात, डॉक्टर. आम्ही प्रत्येकाला नंबर चिकटवला होता. वरच्या पट्ट्यातले नंबर सापडले, धरणाखालचे सापडले नाहीत."

ते हसले. आजूबाजूचे चारजण हसले. तू हसली नाहीस, खाली बघत होतीस. मग ते तुझ्याकडे वळले. "आणि तुमचं पोस्टर कुठे?"

तू काय म्हणालीस? "विमानात राहिलं." अगं, नळी तुझ्या टाचेला लागून होती! एवढं धडधडीत खोटं बोलताना तुझी पापणीही लवली नाही. तो सगळा तास तू त्या रिकाम्या फलकासमोर हात बांधून उभी राहिलीस, आल्यागेल्याला तेच खोटं सांगत. आणि मग चीजला हात न लावता निघून गेलीस.

मला कळलं ते. तुला ते डुलुथला दाखवायचंच नाही. माझं बघून घ्यायचं होतं, मग घरी जाऊन आपलं नीट सजवून कुठल्या तरी मोठ्या नियतकालिकात छापायचं. छाप. मला फरक पडत नाही. सोमवारी ऑस्टबींचा फोन आला. जागा मला मिळाली. जूनअखेर आपल्या नदीवरच्या हॉलिस्टर धरणाची सुनावणी आहे, तिथे विभागाच्या वतीने मी माझा आलेख मांडायचा, हे माझं पहिलं काम. आई रडली फोनवर. मला तेव्हा तुला फोन करावासा वाटला, आणि मग स्वतःचाच राग आला.

मार्लिस ग्रुंडमन


सडबरी, २४ मे

मार्ली,

सोबत ती नळी पाठवते आहे. विमानात राहिली नव्हती, हे तू बरोबर ओळखलंस. उघडायच्या आधी हे वाच.

सप्टेंबरात धरणाखाली मला शिंपले मिळाले. जिवंत, गुबगुबीत, एकाच्याही पाठीवर नंबर नाही. नंबर नाही म्हणजे नवे, असं धरून आपण दुसऱ्या उन्हाळ्याच्या मोजणीत त्यांना सोडून देत होतो. मी सहज एकाचं शेवाळ नखाने खरवडलं. खाली गोंदाचा ठिपका होता. दुसऱ्यालाही होता. सात मिळाले तसे. सातांवरून काय सांगणार? म्हणून एप्रिलअखेर पुन्हा गेले, कमरेएवढ्या गार पाण्यात चार दिवस काढले. आता सात नाहीत. बादल्या भरल्या. आपले शिंपले मेलेले नाहीत, मार्ली. त्यांच्या चकत्या गळून पडल्यात.

आणि त्या धरणाखालीच का गळल्या, ते वार आठवलं की कळतं. वरच्या पट्ट्यात आपण सोमवार ते गुरुवार काम करायचो. कवच ब्रशने घासायचं, फडक्याने पुसायचं, वाळू द्यायचं, मग गोंद लावायचा. धरणाखालचा पट्टा खानावळीच्या रस्त्यावर, म्हणून तो शुक्रवारी. आणि शुक्रवारी साडेपाचनंतर टेबल मिळत नाही. मला सपाटून भूक लागायची, मी घाई करायचे, घासणं राहून जायचं. शेवाळावर गोंद लावला आपण. धरणाने काही मारलं नाही. माझ्या भुकेने मारलं, असं म्हण हवं तर.

डुलुथला तुला आधी भेटून सांगायचं होतं. तू भेटली नाहीस. मग ठरवलं की लावते तर खरं, दोघी मिळून बघू. पण तेवढ्यात ते आले. तुझ्या खांद्याला खांदा लावून, ज्यांच्या हातात तुझी नोकरी आहे त्यांच्यासमोर, तुझं मोठं वाक्य खोटं पाडणारं पोस्टर उलगडायचं? माझ्याच्याने ते झालं नाही. मला काही फार थोर वाटलं नाही तेव्हा.

नोकरी लागली हे वाचून मला आनंद झाला, आणि लगेच सुनावणीचं वाचून भीती वाटली. तुझा विश्वास बसो न बसो, स्पष्ट लिहिते. तुझ्या प्रबंधाचं काय करायचं ते तू ठरव, मी कुणाकडे शब्द काढणार नाही. पण तो आलेख सुनावणीत गेला तर मी गप्प बसणार नाही. तिथली माणसं त्यावर निर्णय घेणार. तुला आधी सांगून मग बोलेन, एवढंच.

तुझी, तू म्हणो न म्हणो,
डेल्फिन


मॅडिसन, ५ जून

डेल्फी,

नळी आली. स्वयंपाकघरात फरशीवर पसरली, चार कोपऱ्यांवर सुपाचे चार डबे ठेवले. तुझं पोस्टर ते तुझंच. मोकळी जागा, एक फोटो, शिंपल्याच्या पाठीवर गोंदाचा ठिपका, खाली एक ओळ: 'हरवले म्हणजे मेले नाहीत.' माझी धाकटी बहीण दुकानाची पिशवी घेऊन आत आली, चालता चालता वाचलं आणि म्हणाली, "अच्छा, म्हणजे जिवंत आहेत." मी पाच वर्षांत तिला माझं काम समजावू शकले नव्हते.

आणि वर नावं दोन. माझं पहिलं.

माझा पहिला विचार काय होता सांगू? हिला माझ्याच नावाने मला बुडवायचंय. मी अशी झाले होते, डेल्फी. सरळ काही दिसतच नव्हतं. म्हणून गाडी काढली आणि पिकेटवर गेले, तुला खोटं पाडायला. बाह्या सारून पाण्यात हात घातला. पहिला शिंपला, नंबर नाही, शेवाळ खरवडलं. ठिपका. दुसरा, ठिपका. पाचव्यानंतर मी पाण्यातच बसले. एक म्हातारा गळ टाकून बसला होता, तो विचारत होता, "बरं आहे ना पोरी?" मी म्हटलं, "हे सगळे जिवंत आहेत हो." तो म्हणाला, "मग रडतेस कशाला?"

दुसऱ्या दिवशी नळी घेऊन ऑस्टबींकडे गेले. टेबलावरचे कागद बाजूला करून पोस्टर पसरलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, परत घातला. "हे डुलुथला का लावलं नाही?"

मी म्हटलं, "शेजारी मी उभी होते म्हणून."

त्यांनी पोस्टरवरचा फोटो पुन्हा निरखला. मग म्हणाले, "मिस ग्रुंडमन, तुम्हाला जागा दिली ती त्या आलेखावर. ती मला परत घ्यावी लागेल. सुनावणीतूनही आलेख काढतो. पुन्हा मोजा, नीट मोजा आणि मग अर्ज करा. मी तो वाचीन, एवढा शब्द देतो." पोस्टर मात्र त्यांनी ठेवून घेतलं. गाडीत बसून मी ढसाढसा रडले. मग आईला फोन केला, तो सगळ्यात कठीण होता. सध्या रंगाचे डबे विकतेय. आज निळ्याला फार मागणी होती.

तुझ्यावर नको नको ते संशय घेतले. माफ कर. कसं मागायचं असतं ते मला येत नाही, पण मागते.

आता एकच संशय उरलाय, तो तेवढा बोलून टाकते. तू लिहितेस, शुक्रवारी भूक तुला लागायची, घाई तू करायचीस. अगं, तू मासा खातेस कधी? त्या खानावळीत दोन उन्हाळे तू धिरड्यांशिवाय कशाला हात लावला नाहीस आणि तीसुद्धा अर्धी माझ्या ताटात सरकवायचीस. काल गाडी चालवताना सगळं आठवलं. तू पाण्यात ब्रश घेऊन उभी असायचीस आणि मी काठावरून गाडीचा भोंगा वाजवायचे, "राहू दे गं, चिकटतात ते, टेबल जाईल!" तू ब्रश टाकायचीस आणि यायचीस. दरवेळी. विमानात नळी राहिली म्हणालीस तेव्हा खोटं ओळखलं मी. हेही ओळखलं.

पुढच्या परिषदेला एकच फलक मागायचा. नावं मी उलटी केलीत, भांडू नकोस. जुलैत सुट्टी काढून ये. कवचं घासू, पुसू, वाळवू, आणि मासा गार झाला तर गार खाईन मी. ब्रश दोन आण, माझा कधी नव्हताच.

तुझी,
मार्ली